माप घेऊन शिवलेला नरक

भागवताच्या पाचव्या स्कंधाच्या शेवटच्या अध्यायात 28 नरकांची यादी आहे. त्यातले रौरव आणि कुंभीपाक आपल्याला ऐकून माहीत असतात, कारण लहानपणी घरातल्या कुणा ना कुणा आजीने ते आपल्याला देऊ केलेले असतात. उरलेले 26 फारसं कुणी वाचत नाही. वाचावेत. आलेल्या पाहुण्याकडे डोळे वटारून बघणाऱ्यासाठी तिथे 'पर्यावर्तन' नावाचा स्वतंत्र नरक आहे. गिधाडं आणि कावळे त्याचे डोळे टोचून काढतात. पैशाला कवटाळून बसणाऱ्या कंजुषासाठी 'सूचीमुख' आहे. तिथे यमदूत सुईदोरा घेऊन बसतात आणि त्याचं अंगच शिवून काढतात. आग लावणारे, विष घालणारे, गावं लुटणारे यांची सोय 'सारमेयादना'त. तिथे वज्रासारख्या दातांचे 720 कुत्रे आहेत. सातशेच्या आसपास नव्हे, 720. कुणीतरी मोजून ताब्यात घेतलेले दिसतात.

माझा पाय मात्र 'अंधकूपा'त अडकला. डास, ढेकूण, उवा, माश्या असल्या जिवांना छळणाऱ्याची रवानगी तिथे होते. मिट्ट काळोखात तेच जीव चहूबाजूंनी त्याचा सूड घेतात, आणि त्याला ना झोप मिळते ना धड टेकायला जागा. हे वाचल्यावर उशाशी असलेली डास मारायची चार्जिंगची रॅकेट मी हळूच पलंगाखाली सारली. मग विचार केला, काळोख, डास, झोपेचं खोबरं, ही व्यवस्था लोडशेडिंगच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याला घरपोच मिळत होती. त्यासाठी आधी मरायचीही अट नव्हती.

माझी या यादीबद्दलची तक्रार इथूनच सुरू होते. हे सगळे नरक घाऊक आहेत. एक कढई, तेल उकळतंय, जो येईल तो आत. उकळतं तेल मला सोसणार नाही हे खरं, पण ते कुणालाच सोसणार नाही. त्यात माझा म्हणून काही विचार केलेला नाही. अस्सल नरक माप घेऊन शिवावा लागतो. तो मलाच काचला पाहिजे, आणि शेजारच्याने म्हटलं पाहिजे, 'यात काय एवढं?'

एका रविवारी जेवणं उरकल्यावर मी घरात हा विषय काढला. माणसांना स्वर्गाबद्दल विचारलं की ती घुटमळतात, शांतता, हिमालय, नातवंडं असं काहीतरी पुरवणीतलं बोलतात. नरकाचं तसं नाही. प्रत्येकाचा तयार होता.

चुलत बहीण शाळेत मराठी शिकवते. ती म्हणाली, "सातवीच्या वह्यांचा गठ्ठा. विषय 'पावसाळ्यातील एक दिवस'. तपासला की खालून दुसरा वर येतो. प्रत्येक निबंधात बेडूक डराव डराव करतो आणि शेवटी मोर पिसारा फुलवतो. डोंबिवली पूर्वेला. आणि तक्रार कुणाकडे करणार, फळ्यावर मीच लिहून दिलेला असतो तो." मेव्हण्याचा नरक लग्नाच्या बस्त्याच्या दुकानात होता, दाराजवळच्या स्टुलावर, मांडीवर सगळ्यांच्या पिशव्या. तो फार जुना आणि सर्वांच्या परिचयाचा असल्यामुळे आम्ही पुढे सरकलो. मुलीने विचारच केला नाही. "फोन वाजला की उचलावाच लागतो," ती म्हणाली, "आणि आधी मेसेज करून काय काम आहे हे विचारता येत नाही." बोलता बोलता तिच्या अंगावर खरोखर काटा आला. आमच्या पिढीत फोन लागणं हाच स्वर्ग होता, हे मी तिला सांगितलं नाही. सासरे मात्र बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी काहीही बोललो तरी सगळे लगेच 'बरोबर आहे तुमचं' म्हणतात, अशी जागा." मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं." ते एवढे दचकले की पाण्याचा तांब्या कलंडला.

पण बाजी मारली आत्याने. तिचा नरक म्हणजे लग्नाची पंगत. बुफे नव्हे, पाटावर बसून, समोर केळीचं पान. वाढपी बासुंदीचं भांडं घेऊन पलीकडच्या टोकाने निघतो. पळी बुडते, वाटी भरते, पुढचा. आत्या शेवटून तिसरी. तिच्या अलीकडच्या पानापर्यंत तो येतो, भांड्यात डोकावतो, पळीने तळ खरवडून शेजारणीला अर्धी वाटी घालतो, आत्याकडे बघून "आणतो हं" म्हणतो आणि वळतो. थोड्या वेळाने पुन्हा त्याच टोकाने निघतो. "कायम?" मी विचारलं. "कायम," आत्या म्हणाली. "आणि दरवेळी मी वाटी पुढे सरकवते."

माझ्या मते जुन्या नरककर्त्यांना नेमकं हेच साधलं नाही. कढईत पडलेल्या माणसाला निदान आपण कुठे आहोत ते कळतं. इटलीच्या दान्तेने तर नरकाच्या दारावर पाटीच लावून टाकली की आशा बाहेर ठेवून आत या. पाटी लावायची आवड मला समजते, मी पुण्यात काही वर्षं काढली आहेत. पण मजकूर सपशेल चुकला. ज्याची आशा सुटली तो माणूस निवांत होतो. पाय पसरतो, आजूबाजूच्यांची गावं विचारतो, पत्त्यांचा डाव मांडतो. नरक चालवायचा असेल तर आशा आत येऊ द्यावी लागते. थोडी थोडी, दर पाच मिनिटांनी.

दुपारच्या ड्रिल मशीनचंच घ्या. वरच्या मजल्यावर फरशा बदलायचं काम चालू आहे, आणि तुम्ही जेवून आडवे झाला आहात. ड्रिल सतत चालू असेल तर माणसाला त्याचीही सवय होते. गिरणीच्या भोंग्याखाली पिढ्या झोपल्या. त्रास ड्रिल थांबल्यावर सुरू होतो. ते थांबतं. तुम्ही कानोसा घेता. एक मिनिट जातं, दोन जातात. बहुतेक कामगार जेवायला गेले. डोळा लागतो. लागला रे लागला की 'घुर्रर्र', तेही फक्त दोन सेकंद, जणू भिंत जागी आहे का बघितलं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले, त्यात निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. या दोन आवाजांच्या मधल्या शांततेला मात्र कुठलीच मर्यादा घातलेली नाही, आणि माणूस खरा मरतो तो तिथे.

दान्तेची एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. त्याच्या नरकाची नऊ वर्तुळं आहेत, आणि सगळ्यांत खालचं, सगळ्यांत नीच लोकांसाठी राखून ठेवलेलं वर्तुळ आगीचं नाही, बर्फाचं आहे. विश्वासघातकी लोक तिथे गोठलेल्या तळ्यात रुतून बसले आहेत. चौदाव्या शतकात ट्रॅव्हल्सची एसी स्लीपर नव्हती, तरी त्या माणसाला हे सुचलं.

गाडी रात्री 9ची असते. 9 वाजता फोन केला की "निघाली साहेब, पाच मिनिटांत पोचते." साडेनऊला ती सिग्नलला असते. 10 वाजता फोन उचलणारा माणूसच बदललेला असतो आणि तो तुम्हालाच विचारतो, "कुठली गाडी?" शेवटी येते. वरचा बर्थ मिळतो. डोक्यावर गार हवा सोडणाऱ्या दोन गोल झडपा असतात. त्या बंद करायची चकती आधीच्या कुणा प्रवाशाने आठवण म्हणून नेलेली असते. त्याच्याही आधीच्या कुणी भोकात पडद्याचं टोक कोंबलेलं असतं, ते पनवेलपर्यंत टिकतं. मग ते सुटतं आणि रात्रभर तोंडावर फडफडतं. पांघरूण मिळतं, पण ते ओढून घ्यावं की गारठून जावं याचा निर्णय वासावर अवलंबून असतो. गाडी कोकणात जाणारी असेल तर पुढे मुंबई-गोवा महामार्ग आहेच. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण 2011 साली हाती घेतलं. तेव्हा पहिलीत गेलेलं पोर आता मतदानाला जातं. दरवर्षी गणपतीपूर्वी रस्ता नीट होणार असं जाहीर होतं, आणि दरवर्षी कोकणी माणूस त्यावर विश्वास ठेवून गाडीत बसतो. कुठल्या गणपतीपूर्वी, हे त्याने आजवर विचारलेलं नाही. हाच त्याचा मोठेपणा.

नरकाचा विषय निघाला की शिकलेली माणसं सार्त्रचं नाव काढतात. 1944 साली पॅरिसला रंगभूमीवर आलेल्या त्याच्या एका नाटकात मेलेली तीन माणसं एका बंद खोलीत आणून सोडतात. कढई नाही, कुत्रे नाहीत, यमदूतही नाहीत. छळ त्यांनी एकमेकांचा एकमेकांनीच करायचा. मनुष्यबळाची केवढी बचत! कल्पना एकदम पटली, पण नेपथ्य कळल्यावर माझा विरस झाला. तिघांना तीन सोफे आहेत. स्वतंत्र! याला नरक म्हणणाऱ्याने सकाळची बदलापूर लोकल पाहिलेली नव्हती.

आमच्याकडे तिघांच्या बाकावर चौथा बसतो, आणि त्या जागेला सन्मानाने 'चौथी सीट' म्हणतात. चौथी सीट म्हणजे बाकाच्या कडेची चार बोटं लाकूड किंवा पत्रा. अर्धं बूड टेकवायचं, एक पाय वाटेत रोवायचा आणि उरलेलं शरीर हवेत सांभाळायचं. गाडी वळणावर आली की ते तिघं मिळून, अजाणता, तुम्हाला परत देऊन टाकतात. इथेही आशा आहेच. चढल्या चढल्या तुम्ही खिडकीवाल्याला विचारलेलं असतं, "कुठे उतरणार?" तो डोळे न उघडता म्हणालेला असतो, "ठाणा." झालं, डोंबिवली, दिवा, कळवा, सगळी स्टेशनं तुम्ही त्या एका शब्दावर काढता. ठाणं येतं. तो डोळे उघडतो, खिडकीतून बाहेर बघतो, फलाटावर काय चाललंय ते पाहून घेतो आणि पुन्हा झोपतो. सार्त्रच्या खोलीत हे घडणं शक्य नव्हतं.

असो. हे सगळे नरक तसे किरकोळ, येता-जाता लागणारे. माझ्या मापाचा, कुठेही एक सूत सैल नसलेला नरक म्हणजे गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा.

ती 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. म्हणून सप्टेंबर लागला की लिफ्टजवळच्या फळ्यावर सूचना लागते. सभा सकाळी 10 वाजता, आणि गणपूर्तीअभावी तहकूब झाल्यास त्याच ठिकाणी साडेदहा वाजता, त्या वेळी गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. एवढं स्वच्छ सांगितल्यावर पावणेअकराच्या आत कोण येणार? जो 10 वाजता उतरतो त्याला खाली पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या मधोमध, ऑइलच्या डागांवर, बी विंगमधले निवृत्त ऑडिटर एकटे भेटतात. त्यांनी आदल्या दिवशी केस कापलेले असतात. शर्ट कडक इस्त्रीचा. मांडीवर फाइल, आणि फाइलमधून बाहेर आलेल्या पिवळ्या, गुलाबी, पोपटी चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एक हरकत.

विषय पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ऑडिटर उभे राहतात. गेल्या वर्षी त्यांनी एक गोष्ट 'सुचवली' होती, इतिवृत्तात मात्र त्यांनी 'मागणी केली' असं लिहिलं आहे. सचिव म्हणतात, करतो दुरुस्त. ऑडिटर म्हणतात, दुरुस्तीचा प्रश्न नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. मागणी करणारा माणूस वेगळा, सुचवणारा वेगळा. कुणीतरी मागून म्हणतं, "काका, पुढे चला." मग ते कोण म्हणालं यावर चर्चा होते. वॉचमन कागदी कपांतून चहा आणतो, तो पुढच्या रांगेत संपतो, आणि "आणतो" म्हणून तो जो जातो तो जातोच. पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला मुलं क्रिकेट खेळत असतात. तीही माणसंच, पण त्यांना जाऊ देतात.

मग गळती. आमच्याकडे गळतीचा विषय येतो तेव्हा ज्याच्या बाथरूममधून गळतं तो "गळत नाही" म्हणतो, आणि ज्यांच्या छतातून गळतं ते डी विंगचे गृहस्थ पुराव्यादाखल मोबाइल फिरवतात. मोबाइल रांगेरांगेतून जातो. प्रत्येकजण छताचा तो पिवळट डाग दोन बोटांनी मोठा करून बघतो आणि चुकचुकतो. तिसऱ्या रांगेत कुणाचं तरी बोट सटकतं, फोटो पुढे जातो आणि तिथून पुढची सगळी सभा त्यांच्या पुतणीच्या साखरपुड्याचे फोटो बघते. "मुलगा काय करतो?" असा प्रश्न इतिवृत्तात येत नाही, पण त्याला सात मिनिटं जातात. गळतीबाबत समितीने पाहणी करावी असं ठरतं. समितीने गेल्या वर्षीही पाहणी केलेली असते. पाहिलं की गळत होतं.

पार्किंग, थकबाकीदार, कबुतरांना दाणे घालणारी आणि न घालणारी घराणी, हे सगळं मी सोडून देतो. दोन वाजता अध्यक्ष घड्याळ बघून म्हणतात, "चला, आता शेवटचा विषय." त्या क्षणी पार्किंगमध्ये जो जिवंतपणा येतो तो बघण्यासारखा असतो. बायका पर्स उचलतात, एकजण खुर्चीवरून निम्मा उठतो, वरच्या मजल्यांवरून फोडणीचे वास आता आपल्यासाठी येऊ लागतात. आणि अध्यक्ष तो शेवटचा विषय वाचतात: "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे इतर विषय."

ज्याने कुणी हे कलम प्रथम लिहिलं तो माणूस यमाच्या दरबारी मोठ्या हुद्द्यावर असला पाहिजे. विषयपत्रिकेवर नऊ आकडे, आणि नवव्या आकड्याच्या पोटात अनंत. ऑडिटर पोपटी चिठ्ठीला हात घालतात. "माझं एवढंच म्हणणं आहे..." निम्मा उठलेला माणूस खाली बसतो.

यात सगळ्यांत टोचणारी गोष्ट अशी की ऑडिटरांसाठी हा स्वर्ग आहे. माझ्या नरकातले ते इंद्र आहेत. महाभारताच्या शेवटी धर्मराज स्वर्गात पोचतो तर समोर दुर्योधन ऐटीत आसनावर बसलेला, आणि भाऊ मात्र नरकात विव्हळताहेत. पुढे ती सगळी माया होती असा खुलासा होतो, पण त्या पहिल्या क्षणी धर्मराजाला काय वाटलं असेल हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. मी कधी स्वर्गात गेलोच तर ऑडिटर तिथे दहाला पाच कमी असतानाच येऊन बसलेले असतील.

आपल्या नरकात एक सवलत आहे, तो कायमचा नसतो. पापाचा हिशेब पुरा झाला की जीव सुटतो. ऐकायला बरं वाटतं. पण सुटून जाणार कुठे? जन्म घेऊन पुन्हा इथेच. म्हणजे 720 कुत्र्यांतून धडपणे निभावलेला माणूस शेवटी यायचा तो आमच्या डी विंगमध्ये, त्या डागाच्या बरोबर खाली.

यंदा सभा नेमकी गौरी-गणपतीच्या दिवसांत आली. दोन नरकांपैकी एक निवडायचा होता. मी ट्रॅव्हल्स निवडली. झडप, पडदा, पळस्पे, सगळं यथासांग झालं. पण रात्रभर कुडकुडताना उद्या 10 वाजता आपण तिथे नसू या विचाराने आतून ऊब येत होती. गावी मोदक खाल्ले, आरत्या म्हटल्या, ग्रुपवरचे मेसेज उघडले नाहीत.

परत आलो, बॅग खाली ठेवतोय तोच बेल वाजली. दारात ऑडिटर. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल.

"अभिनंदन," ते म्हणाले. "यंदा निवडणूक होती. समितीवर तुम्ही बिनविरोध. आणि समितीच्या पहिल्याच बैठकीत सचिवपदी एकमताने."

"काका, पण मी तर नव्हतो!"

"म्हणूनच एकमत झालं."

"अहो, पण उमेदवारी अर्जावर माझी सही नाही."

"ती आत्ता करा. तारीख मी टाकतो," असं म्हणून, आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारखा तपासलेल्या त्या माणसाने पेनचं टोपण काढलं. "काही नसतं हो त्यात. कागद बघायचे, सह्या करायच्या. मुदत पाच वर्षांची, पण पाच वर्षं म्हणजे काय, हां हां म्हणता जातात." फाइल माझ्या हातात देऊन ते जिन्यापर्यंत गेले आणि वळले. "आणि ते डी विंगचे खाली उभे आहेत, छत दाखवायला. मी सांगितलंय त्यांना, पाच मिनिटांत येतील."